सातवी नस आणि मामेभाऊ

माझा मामेभाऊ दोन्ही हातांनी मेंदू काढायचा. काढायचा म्हणजे फळ्यावर, खडूनं. कवटीतून काढायला मेडिकलच्या आम्हा दोघांनाही करवत लागायची आणि त्यात मी त्याच्यापेक्षा बरा होतो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे माझ्या बाजूचं फारसं काही येणार नाही.

डाव्या हातात निळा खडू, उजव्यात लाल. दोन्ही हात एकदमच वरून खाली सोडायचा की मधे मेंदूचा देठ उभा. फ्लॉवरच्या गड्ड्याला असतो तसा देठ. श्वास तिथून चालतो, गिळणं तिथून चालतं, आणि डोक्यातल्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पहिल्या दोन सोडल्या तर बाकी सगळ्या त्याच्याशी जोडलेल्या. चित्र इतकं जिवंत यायचं की तास संपल्यावर शिपाई फळा पुसायला धजत नसे. पुसला आणि बेंगळुरात कुणाचा तरी श्वास बंद पडला तर, अशी त्याला धास्ती. मीही एकदा खोलीचं दार लावून दोन हातांनी काढून पाहिला. दुधीभोपळा आला, तोही कुणीतरी पाय दिलेला.

हा प्राणी राहायचा आमच्याच घरी, बसवनगुडीत. आमचं घराणं कुठल्याशा फौजेबरोबर इथं आलं आणि परत जायचं विसरलं, त्यामुळे आमच्या मराठीत निम्मं कन्नड. आई मात्र बेळगावकडची. लग्नानंतर तिच्या कानांना माहेरची भाषा मिळाली नव्हती. हा ताटावर बसून ‘होय की आत्या’ म्हणाला की तिच्या हातातली तुपाची वाटी आपोआप तिरपी व्हायची. मी ‘आई, स्वल्प तूप’ म्हटलं की तिला बरणीचा तळ दिसायचा.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचं मेडिकल कॉलेज एक दिवस लोकांना खुलं होणार होतं. हाडं, हृदय, फुप्फुस, एकेका टेबलावर एकेक अवयव, आणि मेंदूच्या देठाच्या टेबलाशी समजावून सांगायला एकच विद्यार्थी. शरीररचनेचे सर म्हणाले, ‘तुम्हा दोघांपैकी एक.’ एवढ्यावर मी कामाला लागलो. वाण्याला सांगितलं, पुजाऱ्यांना सांगितलं, बसच्या रांगेत ओळख नसलेल्यांना सांगितलं, की देठावर मी बोलणार आहे, या. खालच्या गल्लीतल्या अक्कांनी तर त्या दिवसासाठी साडी इस्त्रीला दिली. आता तिथं मामेभाऊ उभा राहिला असता तर मला यशवंतपूर स्टेशनात गाडीत बसून कायमचं जावं लागलं असतं.

तेवढ्यात भुईमुगाची परिशे, म्हणजे शेंगांची जत्रा, आली. बसवण्णाच्या देवळाबाहेर रस्ताभर शेंगांचे ढीग. त्या गारठ्यात बोडक्या डोक्यानं हिंडून मी एका बैलाला पुरतील इतक्या शेंगा खाल्ल्या. सकाळी उठून चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून बनियनवर. डावा डोळा मिटेना. हसून पाहिलं तर उजवं तोंड कानाकडे निघून गेलं आणि डावं घरीच बसलं.

आईनं भांडं टाकलं. तो आवाज डाव्या कानात तोफेसारखा घुसला. ‘वारं गेलं की रे माझ्या पोरावरून,’ म्हणत ती खालीच बसली.

मामेभाऊ टूथपावडरचं बोट तोंडात ठेवूनच आला. ‘थांब की आत्या. ए, कपाळाला आठ्या घाल.’

मी भुवया वर उचलल्या. उजवीकडे आठ्या आल्या, डावं कपाळ पाटासारखं सपाट.

‘छान,’ तो म्हणाला.

‘काय छान?’ मी विचारलं. ओठ मिटत नसल्यामुळे प-ब म्हणताना वारा निसटत होता, म्हणून ‘बेअक्कल’ हा शब्द मला गाळावा लागला.

तो आईसमोर उकिडवा बसला. ‘हे बघ आत्या. कपाळाला दोन नळांचं पाणी आहे. मेंदूच्या उजव्या अर्ध्यातनं एक, डाव्यातनं एक. वर मेंदूत बिघाड असला तर एक नळ बंद पडतो, दुसरा चालू असतो. तोंड वाकडं होतं, पण कपाळाला आठ्या पडतात. ह्याच्या पडत नाहीत. म्हणजे मेंदू शाबूत आहे. खाली घराच्या तोंडाशी पाइप दबलाय, कानामागच्या हाडात. सातवी नस. सुजली आहे, उतरेल.’

‘उतरेल?’

‘उतरेल की. बहुतेकांची उतरते.’

आई रडायची थांबली आणि तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. गाल माझा आजारी होता. आणि वाचकहो, हे सगळं मला येत होतं. नळाची उपमा सोडली तर अक्षरन् अक्षर येत होतं. पण स्वतःचंच तोंड वाकडं असताना ते मला आठवलं नाही, आणि आईला धीर द्यायचा मान माझ्याच तोंडाच्या जिवावर तो घेऊन गेला.

सरांनी मला तपासलं, डोळ्यावर पट्टी आणि गालाला शेक सांगितला. मग म्हणाले, ‘टेबलाशी तो बोलेल. तू स्टुलावर बस. असा नमुना बाटलीत मिळत नाही.’

म्हणजे देठ बाटलीत, मी स्टुलावर, आणि बोलणार तो. पुढचे दिवस मी अर्ध्या जिभेनं जेवलो, कारण सातवी नस जिभेच्या पुढच्या भागाची चवही नेते. डावीकडचं लोणचं मातीसारखं लागायचं. तो समोर बसून दोन्ही बाजूंनी चवीनं खायचा. मला ते बघवत नव्हतं, आणि डोळा मिटताही येत नव्हता.

प्रदर्शनाच्या सकाळी दाढी करताना डावी भुवई हलली. पुन्हा उचलली. सुईच्या टोकाएवढी, पण उचलली गेली. तोंड अजून वाकडंच. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. तोंड वाकडं आणि कपाळाला आठ्या, म्हणजे त्याच्याच नळाच्या हिशेबानं मेंदूत बिघाड. तो भर लोकांत म्हणणार, बघा, आठ्या पडत नाहीत. आणि पडणार. मी कुणाला काही सांगितलं नाही. स्टुलावर बसेपर्यंत चेहरा परीटघडीसारखा जपला.

टेबलाभोवती बसवनगुडी उलटली होती, निम्मी माझ्याच आमंत्रणानं. आई पुढे, शेजारी इस्त्रीच्या साडीतल्या अक्का, मागे सर. मामेभावानं कन्नडमध्ये नळ सांगितले, मग आईसाठी मराठीत. लोक माना डोलावत होते. बाटलीतला देठसुद्धा मला थोडा डोलल्यासारखा वाटला.

‘आता बघा, ह्याच्या डाव्या कपाळाला आठ्या पडत नाहीत. घाल.’

मी सगळा जीव भुवयांत आणला. चार आठ्या पडल्या, दोन्हीकडून सरळ.

एक म्हातारेबुवा म्हणाले, ‘पडल्या की.’ सर पुढे आले. मामेभाऊ माझ्याकडे बघतच राहिला आणि मी, माझ्या मते, अर्ध्या तोंडानं हसलो.

त्यानं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. ‘परत घाल.’ घातल्या. ‘सर, आली. नस जागी झाली. आत्या, अगं आली बघ, सकाळपर्यंत नव्हती.’ त्याचा आवाज फुटला. ढोंग असतं तर मला सोसलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

सरांनी लोकांना सांगितलं की बंद पडलेली नस परत येताना पाहायला डॉक्टरांनाही सहसा मिळत नाही, ती आज या मुलानं तुम्हाला दाखवली. ‘या मुलानं’ म्हणताना हात त्याच्या खांद्यावर. टाळ्या वाजल्या. अक्कांनी मला विचारलं, ‘तू कधी बोलणार, अण्णा?’ आणि आईनं पुढे होऊन दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर कडाकडा मोडली, दृष्ट काढली. त्याची.

मग बातमी हृदयाच्या टेबलापर्यंत गेली आणि तिथले लोकही इकडे आले. दारं बंद होईपर्यंत तो ‘घाल’ म्हणत होता आणि मी घालत होतो. नस माझी, कपाळ माझं, परत यायचं ठरवलं तेही तिनं माझ्याच हाडात. घरी जाताना आई त्याला म्हणाली, ‘माझ्या पोराला तू बरं केलंस रे.’

‘होय की आत्या,’ तो म्हणाला.