सात नंबरची कोंबडी

एनिड ट्रेवास्किस जाऊन आता नऊ वर्षं झाली, तरी सोमवार उजाडला की मला तिचीच आठवण येते. सोमवारी आमच्या प्रयोगशाळेत मरे नावाच्या नदीकाठच्या गावांतून कोंबड्यांचं रक्त यायचं. उन्हाळ्यात त्या काठी डासांतून मेंदूज्वराचा विषाणू पसरतो. कोंबडीला त्यानं काही होत नाही, पण तिच्या रक्तात खूण राहते. म्हणून गावोगावी बारा-बारा तरण्या, अंगात जुनी खूण नसलेल्या कोंबड्या राखणीला ठेवलेल्या असत.

"आपले पहारेकरी अंडी तरी देतात. तू नुसता चहा ढोसतोस," एनिड मला सुनवायची. तिच्या हाताखाली मी सतरा वर्षं काढली आणि रोज बोलणी खाल्ली. आता तसं हक्कानं बोलणारं कुणी उरलं नाही.

एका गावच्या कोंबड्या लिंडसे पॅस्को नावाचा म्हातारा सांभाळायचा. त्याची बायको मर्टल, मी सांगतोय त्या वर्षाच्या चार वर्षं आधी, तापानं बेशुद्ध होऊन बारा दिवसांत गेली होती. ताप येण्याच्या आदल्या दिवशी लिंडसेनं माळावरची अळंबी आणून, लोण्यात परतून तिला खाऊ घातली होती. त्याला स्वतःला अळंबी आवडत नसे. डॉक्टरांना रोगाचं नाव सांगता आलं नाही, गावानं मात्र लगेच सांगून टाकलं. लिंडसेनंही ते खरं मानलं. त्यानंतर त्यानं कुणाला घरी जेवायला बोलावलं नाही.

पुराच्या वर्षी, मार्चमध्ये, त्याच्या सात नंबरच्या कोंबडीच्या रक्तात खूण सापडली. आमचे साहेब गावाला इशारा द्यायला निघाले.

"थांबा जरा," एनिड म्हणाली. "बाकी अकराजणी स्वच्छ, आणि हिचाच आकडा एवढा वर? मला नाही पटत."

तिनं तिथल्या तिथे फोन लावला. मी शेजारी कान देऊन उभा.

"लिंडसे, सात नंबरची तीच आहे ना रे?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"कोल्ह्यानं मारली ती," तो म्हणाला. "खुराड्याची कडी मीच लावायची विसरलो. लाज वाटली गं. मेलीच्या पायातलं नंबरचं कडं काढून घरच्या कोंबडीला घातलं."

"घरची किती वर्षांची?"

"सहाची असेल. मर्टलनं वाढवलेली."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. साहेब भडकले, इशारा रद्द झाला, आणि ते रक्त फेकून द्या म्हणाले. तिच्या जागी मी असतो तर फेकलंही असतं. एनिड मात्र बाटली हातात धरून बसून राहिली.

"अरे, ही मर्टलच्या अंगणातली कोंबडी," ती मला म्हणाली. "हिला विषाणू भेटला तो कुठल्या वर्षी?"

मग ती शीतपेटीत कोपरापर्यंत हात घालून शोधू लागली. मर्टलचं रक्त तेव्हा इस्पितळानं दुसऱ्याच रोगाच्या तपासणीसाठी पाठवलं होतं, आणि उरलेलं एनिडनं ठेवून दिलं होतं. दोन बाटल्या निघाल्या: एक पहिल्या दिवसाची, एक दहाव्या. चार दिवस ती त्यांच्याच मागे होती. पहिलीत जवळजवळ काही नाही, दुसरीत आकडा आभाळाला भिडलेला. म्हणजे खूण त्याच आजारपणात उमटली होती. तिनं मलाही वाचायला लावलं.

शुक्रवारी आम्ही दोघं गाडीनं लिंडसेकडे गेलो. त्यानं चहा केला आणि बिस्किटांचा पुडा आमच्याकडे सरकवला.

"दुकानचीच आहेत," तो घाईघाईनं म्हणाला. "पुडा फोडलेला नाही."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. एनिडनं पुडा फोडला, एक बिस्किट खाल्लं, आणि मग कागद त्याच्यापुढे ठेवला.

"मर्टल डास चावल्यामुळे गेली, लिंडसे. मेंदूज्वरानं. अळंबीनं नाही."

"नक्की?"

"दोनदा तपासलंय. यानंही वाचलंय."

तो कागदावरून बोट फिरवत राहिला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

"त्या दिवशी तिनं अळंबी पुन्हा मागून घेतली होती," तो म्हणाला. "तव्यावरचं लोणीसुद्धा पावानं पुसून खाल्लं. हसत होती. चार वर्षं मी ते आठवूच दिलं नाही स्वतःला." त्यानं एनिडकडे पाहिलं. "आता आठवलं तर चालेल ना गं?"