वर काय ठेवणार?

मला एक वाईट खोड आहे. कुणी म्हणालं, ‘यात तुला काय कळतंय?’ की मी खुर्ची ओढून ठाण मांडते. पेणच्या इंजिनियर साहेबांनी हे वाक्य मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. तेव्हा पुढे जे झालं त्याला थोडेफार तेही जबाबदार आहेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रोह्याहून सकाळची एसटी पकडून मी पेणला जायची. सिव्हिलचा डिप्लोमा झाला असला तरी मुलगी साइटवर नको, म्हणून साहेबांनी मला नव्या कॉम्प्युटरपुढे बसवलं होतं. त्यात इमारतीचा सांगाडा रेघारेघांनी उभा करायचा, त्यावर वजन टाकायचं आणि कुठला बीम किती वाकतो ते बघायचं. एक वीटही न रचता घर कुठे खचेल ते आधीच दिसतं, याचं मला भारी अप्रूप वाटायचं. साहेबांच्या लेखी ते गिऱ्हाइकांना दाखवायचं खेळणं होतं.

एका गणपती कारखानदारांचं काम आलं. खाली कारखाना, वर राहायच्या खोल्या. घराचं वजन धरून सगळं ठीक निघालं. मग मापं घ्यायला गेले, तर शेजारच्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये मालकांच्या बायको पाटावर बसून मूर्तींचे डोळे आखत होत्या. डोळ्यांच्या आखणीला त्यांच्यासारखा हात आसपास कुणाचा नव्हता. बाजूला बायका रंग लावत होत्या.

मी सहज विचारलं, “काकी, वर झोपणार किती जण?”

त्या हसल्या. “वर कोन झोपतंय गो? सीझनला आमी पडवीत. आमच्याकडं आधी देव, मंग मानसं.”

“मग वर काय ठेवणार?”

“गणपती! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.”

मी मापाची टेप गुंडाळली. इथलं कारखानदाराचं घर वर्षातले काही महिने गोदाम असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नकाशावर मात्र सगळे ‘बेडरूम’ लिहितात. ऑफिसात येऊन मी गोदामाचं वजन टाकलं. मधला लांब बीम पडद्यावर झोळीसारखा लोंबला. नव्या कारखान्यात काकी आणि त्या बायका बसणार होत्या, ती जागा नेमकी त्याच्याच खाली.

साहेब म्हणाले, “मंजुरी घराची आहे. घरच धर.”

“पण ते घर नाहीये.”

“इतकी वर्षं बांधतोय. माझी एक तरी इमारत पडली का?”

“पडेपर्यंत सगळ्या उभ्याच असतात, साहेब.”

त्या दिवसापासून ऑफिसात मला चहा विचारणं बंद झालं.

उपाय अवघड नव्हता. मधोमध एक कॉलम आणि बीमला जास्त सळी. पण मालकांना मध्ये कॉलम नको होता. मोठ्या मूर्ती फिरवून बाहेर काढायच्या कशा? त्यांची अडचण खरी होती. साहेब म्हणाले, नको तर नको. स्लॅबचा मुहूर्त ठरला.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा नारळ फुटला होता, मिक्सर फिरत होता. मी शिडीने वर गेले आणि सळ्यांच्या जाळीवर, बरोबर मधल्या बीमवर फतकल मारली. सळ्या टोचत होत्या. भीतीही वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण राग तिच्यापेक्षा मोठा होता.

साहेब खालून ओरडले, “उतर! नोकरी गेली समज!”

“समजले. आता काकींना बोलवा.”

काकी शेडमधून आल्या, मागोमाग बायका. मी वरूनच सांगितलं, “काकी, वर गणपती भरले की हा भाग खाली येईल. तुमचा पाट कुठे येतो ते तुम्हीच बघा.”

त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. मालक म्हणाले, “तिचं काय ऐकतेस? त्या डबड्यात कायपन दिसतं.”

काकींनी हातातला ब्रश नवऱ्यापुढे धरला. “मंग डोळे तुमी आखा. मी ह्याच्याखाली बसायची नाय.”

“आमी पन नाय,” मागून बायका म्हणाल्या.

मालकांना एक रेघ धड ओढता येत नाही, हे अख्ख्या आळीला माहीत होतं. मिक्सर बंद झाला.

मधलं सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू, उतरवलं, पाया खणला, कॉलम उभा राहिला, बीमला सळीही वाढली. साहेबांनी मला काढलंच. काकींनी मात्र काम संपेपर्यंत मला साइटवरून हलू दिलं नाही. मी लोखंडी साच्यांत काँक्रीटचे ठोकळे भरून तपासायला पाठवायची, तेव्हा गवंडी म्हणायचे, “बाईंनी मोदक करायला घेतले.” कुणी मिक्सरमध्ये जास्तीचं पाणी ओतायला लागलं की मी मालकांना विचारायची, “प्लास्टर पातळ कालवलं तर मूर्तीचा हात टिकेल का?” मग ते स्वतःच बादली हिसकावून घ्यायचे.

पुढच्या सीझनला मी मुद्दाम गेले. वरचा मजला गणपतींनी गच्च भरला होता. खाली काकी त्या कॉलमला पाठ टेकून डोळे आखत होत्या. काही माणसं एक मोठी मूर्ती तिरकी करून कॉलमला वळसा घालत होती, तेवढ्यात तिचा मुकुट घासला. मालकांनी माझ्याकडे बघून ठेवणीतली शिवी हासडली.

“द्या,” मी म्हटलं. “पण याच छताखाली उभं राहून द्या. दर वर्षी द्या.”