कापसाशेजारच्या कोंबड्या

सातवीतच शाळा सुटलेल्या बाईला राहायला खोली, हाताला काम आणि नीट बोलणारी माणसं एकाच ठिकाणी मिळाली, की ती फारसं तोंड उघडत नाही. नंदुरबारकडून आम्ही नवरा-बायको आंजीजवळच्या कोंबड्यांच्या शेडवर आलो, तेव्हा माझं तसंच होतं. मालकाला आम्ही भाऊ म्हणायचो, त्यांच्या बायकोला वहिनी. पहिल्या संध्याकाळी वहिनींनी स्वतः भाकरी-झुणका आणून दिला. तेव्हापासून एकच धास्ती, आपल्या हातून इथलं काही बिघडू नये.

पिल्लं आली तेव्हा त्यांना शेड फारच मोठी होती. भाऊंनी मधोमध ताडपत्री बांधली आणि पलीकडे घरचा कापूस भरला. पिल्लं वाढेपर्यंत भाव येईल, कापूस जाईल, असा अंदाज. पिल्लं वाढली. भाव काही आला नाही.

दुपारी दाणा भरून झाला की मी दाराशी बसून बघायचे. एकीच्या पाठीवर ओरखडे होते, तिला जांभळं औषध लावलं होतं, म्हणून ती ओळखू यायची. ती डोळे मिटायची. तेवढ्यात कोणीतरी पाण्याला निघायची आणि तिच्या पाठीवर पाय देऊनच जायची, कारण वाटच नव्हती. मग ही उठायची आणि सरकताना तिसरीला उठवायची. आधी मला वाटलं भांडताहेत. पण भांडत कोणीच नव्हतं. दाणा पुरत होता, पाणी पुरत होतं. झोप तेवढी कुणाचीच पुरी होत नव्हती. खाली अंथरलेलं भाताचं तूसही ओलं पडायला लागलं होतं, आत गेलं की डोळे चुरचुरायचे.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गप रहा. परत जायचंय का गावाला?"

दोन दिवस गप राहिले. मग वहिनींना सांगितलं, त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या तेव्हा. भाऊ तिथेच चहा पीत होते, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"कोंबड्यायले का फुगडी खेळाची हाय का वं, बाई?" भाऊ म्हणाले.

वहिनींनी मान वर केली नाही. "मंग कापसाले कुठं खेळाचं हाय? आणून टाका घरात."

"अन् आपण कुठं झोपाचं?"

"त्याच्यावर. गादी भरून घेतली असं समजा."

भाऊ हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या बैठकीत छतापर्यंत कापूस गेला आणि पलीकडे नवं तूस पसरून मी ताडपत्री सोडली.

मला वाटलं, सगळ्या एकदम पलीकडे धावतील. एकही हलली नाही. ताडपत्री होती तिथंच रांगेनं थांबल्या, जणू ती अजून बांधलेलीच आहे. का, ते मला आजही कळलेलं नाही. बऱ्याच वेळानं एक पुढे झाली, पंख पसरून जड पायांनी चार ढांगा टाकल्या आणि बसली. मग बाकीच्या निघाल्या. थोड्या दिवसांनी गाडी येऊन त्यांना नेणार होती, हे मला माहीत होतं. तरी बघत बसावंसं वाटलं.

दुपारी आत गेले तर नव्या तुसावर एक आडवी पडलेली, पाय लांब, मान टाकलेली. आपण सांगितलं म्हणून कापूस हलवला, आणि आता ही मेली. भाऊ काय म्हणतील? धावत जाऊन उचलली. ती अंगानं गरम होती. डोळे उघडून तिनं माझ्या मनगटाला जोरात टोचलं.

अशी अंग टाकून झोपलेली कोंबडी मी त्याआधी बघितलीच नव्हती. आणि तिची झोप मीच मोडली होती.