सांधा नसलेली सळई

मिस्त्री कुठलीही लोखंडी वस्तू आधी नखाने वाजवून बघत. चहाच्या टपरीचा पत्रा, शेजाऱ्याचं गेट, माझ्या टेबलामागचं कपाट. वाजवून कान तिरका करत आणि निकाल देत. माझ्या कपाटाला म्हणाले होते, "एजंट, ह्याचा मागचा पाय सडलाय. एक दिवस सगळी कागदं अंगावर घेशीला." महिन्याभरात ते कपाट कलंडलं. "लोखंड खोटं बोलत न्हाई," असं ते नेहमी म्हणत आणि माझ्याकडे बघून हसत. मी गाड्यांच्या कागदपत्रांचा एजंट होतो.

त्यांना उजवा पाय नव्हता. हुबळीला ट्रकच्या बॉड्या बांधत असताना जॅक सरकला आणि मांडीपासून पाय गेला. पुढे बायको गेली, तेव्हा ते आपल्या जुन्या व्हॅनसह दौंडला विधवा बहिणीकडे कायमचे राहायला आले. ती व्हॅनच त्यांचं दुकान होतं. आठवडे बाजारात झाडाखाली लावायची, मागचं दार उघडायचं आणि शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. पंप घेऊन आलेल्या माणसाला विचारत, "पेशंटला कवापासून खोकला हाय?"

डाव्या पायाने ते क्लच दाबत. ब्रेक आणि रेससाठी स्टिअरिंगशेजारी हाताचा दांडा होता. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की रेस. तो त्यांनी स्वतः केला होता, पेडलपासून मुठीपर्यंत एकाच सळईचा, तापवून वाकवलेला. मध्ये कुठे जोड नाही. "ब्रेकला सांधा नसावा," ते म्हणत. "सांधा म्हंजी दोघांवर भरवसा. माझा एकावरच बसत न्हाई."

गाडीला नंबर मात्र कर्नाटकचा होता. शिक्रापूरच्या चौकात पोलीस दर खेपेला अडवत. इकडचा नंबर घ्यायचा तर गाडी आरटीओच्या दौंडच्या कॅम्पमध्ये साहेबांना पासिंगला दाखवायला हवी. हुबळीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत, यायलाच चार महिने गेले. ती आली तेव्हा मी त्यांना म्हणालो, "दांडा काढून टाका. पासिंग झालं की परत बसवा."

"काढायचा कशाला? साहेबांना दाखवू की. नोंद करतील."

"मिस्त्री, दाखवलं की प्रश्न आले. प्रश्न आले की पुढचा कॅम्प."

"पाय न्हाई ते साऱ्या गावाला दिसतंय. मग गाडीनं काय म्हणून लपावं?"

मी ऐकलं नाही. आमच्याकडे सगळे हेच करतात. आदल्या दिवशी कॅरिअर, भोंगे, काळ्या काचा उतरवतात आणि पासिंग झालं की चढवतात. आयुष्यभर मी लोकांना हेच सांगत आलो होतो. दांडा पेडलला जोडलेला, सरळ निघेना. मी ग्राइंडरवाल्याला बोलावून तो मधोमध कापायला लावला. मिस्त्री कुबडीवर टेकून रस्त्याकडे बघत उभे होते. कापलेला तुकडा त्यांनी टॉवेलात गुंडाळून घेतला. साहेबांपुढे गाडी मी चालवली. पास झाली.

त्याच दुपारी मिस्त्रींनी स्वतः वेल्डिंग केलं. गार झाल्यावर नखाने वाजवलं, कान तिरका करून पुन्हा वाजवलं.

"आवाज बसलाय," शेवटी म्हणाले. "नवी सळई वाकवतो. तवर गाडी उभी ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी शिरूरला माझ्या पुतण्याचा साखरपुडा होता. मी म्हणालो, "उद्या एवढं मला सोडा. मग बसवा की नवी." पाहुण्यांपुढे गाडीतून उतरायची मला हौस होती. त्यांनी सोडलं. मंडपापर्यंत हळू हळू आणलं, आत आले नाहीत. एकटेच दौंडला परत जाताना न्हावऱ्याच्या अलीकडे पुढची उसाची ट्रॉली थांबली आणि सांध्याने दगा दिला.

जीव वाचला, उजवा हात गेला. होता तसा लोंबत राहिला, पण त्यात पकड नव्हती. पोलिसांनी दवाखान्यात विचारलं, हा दांडा कोणी केला? मी खाटेशेजारीच उभा होतो. मिस्त्री म्हणाले, "मीच केला. माझंच काम कच्चं निघालं." तसंच लिहून घेतलं आणि त्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली. बाजारात लोक म्हणायचे, लंगड्याने गाडी चालवायचा हट्ट करायलाच नको होता. मी मान हलवायचो.

व्हॅन भंगारात गेली. मिस्त्री बहिणीच्या ओट्यावर बसून राहू लागले. पुढच्या वर्षी मी एका गिऱ्हाइकाची अपंगासाठी बदललेली गाडी कॅम्पला नेली. हे गिऱ्हाईक हट्टी होतं, काही काढू देईना. साहेबांनी दांडा हलवून बघितला, दोन प्रश्न विचारले आणि नोंद केली. एवढंच. त्या दिवसानंतर मी कॅम्पला टेबल लावलं नाही.

मी पुढे शिरूरला भावाकडे राहायला आलो, पण तिथून दौंड काही फार लांब नाही. दोन वर्षांत मी चार वेळा गेलो. चारही वेळा पाऊसपाण्याचं बोललो, चहा प्यालो आणि उठलो. सांध्यातून तुटलेला दांड्याचा तुकडा त्याच टॉवेलात गुंडाळलेला कोनाड्यात दिसायचा. त्यांचा डावा हात ओट्याच्या लोखंडी खांबावर असायचा, पण तो वाजवताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. दफन झाल्यावर मी त्यांच्या बहिणीला सगळं सांगितलं. दांडा मी कापायला लावला, आवाज बसलाय हे मला माहीत होतं, तरी मी गाडी काढायला लावली. आता पोलिसांत जाऊन लिहून देतो म्हणालो.

"आता कुणासाठी, भाऊ?" ती म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं त्यांनी. मी म्हनलं, मग लोकांना सांगा की. तर म्हणाले, आपुन न्हाई सांगायचं, एजंट सोता येऊन बोलंल." तिने पदराने डोळे पुसले. "दार वाजलं की मान वर करून बघायचे. तुम्ही यायचात, चहा घिऊन जायचात. मग इचारायचे, काय बोलला का गं, जाता जाता?"