पाच कडव्यांचं स्वागतगीत

चालू सामना थांबवून सत्कार उरकणाऱ्या माणसांना लाज कशी वाटत नाही, हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं जाहीरपणे विचारते आहे. उत्तर कुणी दिलेलं नाही. माझ्या पत्रकात हा प्रश्न एका ओळीत मावतो. त्यामागची सगळी दुपार मावत नाही, म्हणून ती इथं सांगते.

आम्ही तेव्हा अकरावीत होतो, म्हणजे त्या काळच्या मॅट्रिकच्या वर्गात. शाळा मुलींची, शिवाजी पेठेतली. पेठेत फुटबॉल म्हणजे धर्म. पोरी बास्केटबॉल खेळतात हे शेजारच्या गल्लीलाही ठाऊक नव्हतं. तरी त्या वर्षी आमचा संघ आंतरशालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोचला, आणि पोचला तो आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या जिवावर. ती कॅप्टन. घर हातकणंगल्याकडं, शेतकऱ्याचं. शिकायला म्हणून पेठेत मामाकडं राहायची. तिच्या वडलांनी निरोप धाडला होता : ही मॅच जिंकली तर पुढची खेळायला पुण्याला जायचं, हरली तर खेळ कायमचा बंद. बघायला मी स्वतः येतो.

"आबा बोलत्यात तसंच करत्यात," ती मधल्या सुट्टीत म्हणाली. "तालमीतला माणूस हाय."

"मग जिंक की."

"जिंकतो की. तुम्ही तिघी नुसतं वरडायला या."

आम्ही तिघी म्हणजे मी आणि माझ्या दोन मैत्रिणी. तिच्या बाकाच्या पुढचा बाक आमचा. पण आम्हाला ओरडण्यापेक्षा मोठं काम मिळालं होतं. गाण्याच्या बाईंनी आमच्याकडून स्वागतगीत बसवून घेतलं होतं. पाच कडवी. पहिल्या चारांत सूर्य, चंद्र, गंगा वगैरे यायचे, आणि पाचव्यात कमळ आणि पाहुण्यांचं नाव. बाईंकडं हे गीत कित्येक वर्षांचं होतं. पाहुणा बदलला की पाचव्या कडव्यातलं नाव तेवढं बदलायचं. आडनाव लांब असलं तर कमळ गाळायचं. आम्ही आठवडाभर घसा सांभाळला. चिंच खाल्ली नाही.

पाहुणे तीनला येणार होते. कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष. साडेचार झाले तरी त्यांचा पत्ता नाही. डिसेंबरातला दिवस, मैदानावर दिवे नाहीत. शेवटी पंचच कंटाळले आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

आबा तारेच्या कुंपणाबाहेर उभे होते. कुणीतरी खुर्ची देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. त्यांना बास्केटबॉल कळत नव्हता, पण दम कुणाचा संपतोय आणि कुणाचा नाही, हे बरोबर कळत होतं. मध्यंतरापर्यंत आम्ही नऊ गुणांनी मागं. समोरची शाळा पैसेवाल्यांची, पोरी उंच, पायांत नवे कोरे बूट. माझी एक मैत्रीण कुंपणापाशी जाऊन आबांना म्हणाली, "काका, अजून अर्धी मॅच हाय."

"व्हय, दिसतंय की," आबा म्हणाले. "त्या उंच पोरी आता तोंडानं श्वास घ्यायला लागल्यात. आमची अजून नाकानं घेतीय."

आणि तसंच झालं. उत्तरार्धात कॅप्टननं बॉल हातात आला की सोडलाच नाही. रिंगखाली घुसायचं, आपटायचं, उठायचं, फ्री थ्रो टाकायचा. मुरुमावर तिचे दोन्ही गुडघे सोलले. आम्ही ओरडायला लागलो, घसा गेला खड्ड्यात. चार मिनिटं उरली तेव्हा गुणांच्या फळ्यावर आम्ही एका गुणानं मागं होतो आणि बॉल आमच्या हातात होता.

तेवढ्यात फाटकातून जीप आत आली.

आयोजकांचे सचिव धावत मैदानात घुसले. अक्षरशः खेळणाऱ्या पोरींच्या मध्ये. दोन्ही हात वर करून त्यांनी सामना थांबवला. पंच म्हणाले, "चारच मिनिटं हायत साहेब." सचिव म्हणाले, "पाहुण्यांना ताटकळत ठेवायचं का?" दीड तास पोरींना ताटकळत ठेवणारा पाहुणा, त्याला चार मिनिटं ताटकळत ठेवायचं नाही. हा हिशोब मला तेव्हाही कळला नाही, आजही कळत नाही.

घामानं निथळणाऱ्या दहा पोरी थंडीत रांगेत उभ्या केल्या. हार झाले, नारळ झाला, शाल झाली. मग फेटा. फेटा बांधणारा माणूस खास बोलावलेला. बांधलेला फेटा पाहुण्यांच्या डोळ्यांवर यायला लागला, म्हणून सोडला आणि पहिल्यापासून पुन्हा बांधला. फोटोवाल्यानं शाल परत एकदा पांघरायला लावली. सूर्य झाडांच्या खाली गेला होता.

मग आम्ही गायलो.

इथं मला खरं लिहिलं पाहिजे, कारण दुसऱ्यांना मी फार बोलते. आम्हाला कुणी ढकललं नव्हतं. जीप दिसल्यावर आम्ही केस नीट केले होते. तिसऱ्या कडव्याला कॅप्टननं आमच्याकडं बघितलं. चौथ्याला तिनं कमरेपाशी हात धरून बोट गरगर फिरवलं : आवरा. तिघींनीही ते पाहिलं. आणि तिघींनीही पाचवं कडवं म्हटलं, सगळं, शेवटची ओळ दोनदा घेऊन, कारण त्यात पाहुण्यांचं नाव होतं आणि ते आम्ही आठवडाभर घोटलं होतं. पाहुण्यांनी मान डोलावली. त्यानंतर त्यांनी 'आजच्या मुली उद्याच्या माता' या विषयावर भाषण केलं.

भाषण संपलं तेव्हा रिंगची जाळी दिसत नव्हती. सचिवांनी माइकवरून सांगितलं, उजेडाअभावी सामना इथंच थांबवण्यात येत आहे, आहे तो गुणफलक अंतिम. आमच्या खेळाच्या बाई म्हणाल्या, चार मिनिटं उद्या सकाळी खेळवा. तर म्हणे उद्या मुलांचे सामने, मैदान मोकळं नाही. पलीकडच्या संघाच्या बाई पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत राहिल्या. मागितली असती तर त्यांनाही ती चार मिनिटं मिळाली असती, पण जिंकलेलं कोण परत देतंय.

आबा आत आले. थेट सचिवांपुढं उभे राहिले.

"पावणं, एक विचारू? आमच्याकडं आखाड्यात पुढारी आला तर तो कडंला बसतोय. लागलेली कुस्ती सोडवत न्हाईत. हितं पोरींचंच का सोडवलं?"

"स्पर्धेचे नियम आहेत," सचिव म्हणाले.

"नियमात फेटा हाय का?"

मला वाटलं, झालं, आबांना कळलं. आता ते तिला म्हणतील, ही कुस्ती झालीच नाही. तिलाही तसंच वाटलं असणार. ती पुढं झाली.

"आबा, हरलो न्हाय आम्ही. थांबवलं."

आबांनी फळ्याकडं बघितलं. खडूनं लिहिलेले आकडे अंधारातही दिसत होते.

"दिसतंय मला. अन्याय झालाय," ते म्हणाले. "पर मी तुझ्या मामापुढं शब्द दिलाय. फळ्यावर हाय ते हाय. चल, गाडीची वेळ झाली माझी."

ह्या माणसाचा राग मला सचिवांपेक्षा जास्त आला. सचिवांना कळतच नव्हतं. आबांना सगळं कळत होतं, आणि तरी पोरीच्या खेळापेक्षा त्यांना स्वतःचा शब्द मोठा वाटला. अन्याय मान्य करून तो पुढं चालवणारी माणसं मी नंतर पुष्कळ पाहिली. त्यातली बरीच भली असतात, पोरीचे गुडघे पुसतात. आबांनीही धोतराच्या सोग्यानं पुसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सचिवांकडं तक्रार घेऊन गेलो. त्यांनी कागद वाचला, आणि वर बघून विचारलं, "गाणाऱ्या मुली तुम्हीच ना? छान झालं गाणं." आम्ही परत आलो.

पुढच्या वर्षी मी कॉलेजात गेले आणि त्याच स्पर्धेच्या फाटकावर वाटायला माझं पहिलं पत्रक काढलं. वर गेल्या वर्षीची हकिगत, खाली मागणी एकच : सामना चालू असताना कुणाचाही सत्कार होणार नाही. कॅप्टन मामाकडंच होती, टायपिंगच्या वर्गाला जायची. बॉलला तिनं वर्षभर हात लावला नव्हता. तिला पहिली प्रत दिली. तिनं उभ्या उभ्या वाचली.

"चांगलं लिवलंयस. सचिव हाय, पावणा हाय, फेटा हाय, आबा बी हायत," ती म्हणाली. "गाणाऱ्या कुठं हायत?"

मी म्हटलं, पत्रकात जागा नव्हती.

"फेट्याला बरी झाली."

प्रती छापून झाल्या होत्या. मी पेन काढलं आणि फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून एकेका पत्रकाच्या खाली हातानं लिहायला लागले : पाच कडवी आम्ही गायलो. थोड्या वेळानं तिनं अर्धा गठ्ठा आपल्याकडं ओढला आणि शाई वाळावी म्हणून एकेक कागद कट्ट्यावर पसरायला लागली. आत पहिल्या सामन्याची शिट्टी झाली. तिनं मान वर केली नाही.