तलावातला काळा मासा आणि माझं पुण्य

मंडळी, आज सकाळी अड्याळजवळच्या तलावावर गळ टाकून बसलो होतो. वाट रोहूची पाहत होतो, वर आला हातभर लांब काळा मासा. अंगावर चिलखतासारखे खवले, तोंड पोटाच्या बाजूला!

मी नाचायलाच लागलो. दुर्मिळ मासा! फोटो काढून इथे टाकणारच होतो, तेवढ्यात तलावातले मासेमार शंकरभाऊ आले.

"हे मासोळी का? दोन वर्सापासून आमचे जाळे फाडून राहिली. कोन्या शहाण्यानं घरच्या काचेच्या पेटीतून आणून सोडली, काय मालूम!"

माझा नाच थांबला. दोन वर्षांपूर्वी, जवाहरनगरच्या क्वार्टरमधली फिशटँक विकताना, काच साफ करणारा बोटभर मासा मीच इथे सोडला होता. पुण्य म्हणून हातही जोडले होते.

"भाऊ, तो शहाणा मीच."

शंकरभाऊ पोट धरून हसले. "मंग न्या आपली पोरगी घरी. अन् उद्या जाळं शिवाले या!"

तुमच्यापैकी कोणी असं पुण्य केलंय का? खरं सांगा.

मासा आता बादलीत आहे. बायकोनं विचारलं, "एकच सोडला होता न?"

जोडी होती हो.