पहिल्या ओळीचे अण्णा

प्रोग्राम कंपाइल करताना, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवताना, पडद्यावर शंभर चुका दिसल्या तरी माझ्याकडं कामाला असलेले अण्णा फक्त पहिली ओळ वाचायचे. "खालचा सगळा आरडाओरडा हाय, शेठ. दुखणं वरच हाय की." घरात तेलुगू, बापाचा धंदा यंत्रमागाचा. कॉम्प्युटर माझ्यासारखेच स्वतःच्या हिमतीवर शिकलेले.

ग्राहकाच्या वेब सर्व्हरला जोडायची मॉड्यूल्स, म्हणजे छोटे जोड-प्रोग्राम, आम्ही बनवायचो. कुणाकडे विंडोज, कुणाकडे लिनक्स. अण्णा प्रत्येकासाठी त्याच्यासारख्याच यंत्रावर नव्यानं कंपाइल करायचे आणि त्या यंत्रातल्या लायब्ररीशी, म्हणजे तयार कोडच्या साठ्याशी, लिंक करायचे, जोडायचे. मी हुज्जत घालायचो, "एकदाच बनवा, सगळीकडं टाका!" ते हसायचे, "एका मागाचा सूत गुंडाळलेला बीम दुसऱ्या मागावर बसतो व्हय?"

एका सकाळी ते डोळे तपासायला गेले होते. रक्तपेढीच्या मॅडम नव्या मॉड्यूलसाठी तगादा लावत होत्या. मी तिथं गेलो आणि आमच्या नव्या लिनक्सवर बनलेलं मॉड्यूल त्यांच्या जुन्या लिनक्सवर टाकलं. जुनं पुसून टाकलं. सर्व्हर उठेना. कोणतं रक्त किती शिल्लक आहे, ते दाखवणारं पानच गेलं.

तेवढ्यात मंद्रूपच्या दवाखान्यातून फोन. "बाळंतीण हाय, ओ निगेटिव्ह हाय का तेवढं सांगा की!" मॅडम स्वतः फ्रीज उघडून पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या वाचू लागल्या. मी सर्व्हर पुन्हा पुन्हा सुरू करून बघत होतो. बाई गेली तर? हा एकच विचार. दोन पिशव्या सापडल्या. पण पुढचा फोन कुठूनही येणार होता.

मी फोन केल्यावर अण्णा रिक्षानं आले. मी खेकसलो, "कुठं होता तुम्ही?" त्यांनी पडद्याला नाक लावून पहिली ओळ वाचली. "ह्या मशीनची लायब्ररी जुनी हाय. मॉड्यूल नवी मागतंय." त्याच यंत्रावर कंपाइल केलं, लिंक केलं. पाऊण तासानं पान उघडलं.

मॅडमनी विचारलं, "कशानं झालं?" मी म्हणालो, "यंत्र जुनं आहे ना."

"न्हाई मॅडम," अण्णा म्हणाले, "चूक आमची हाय."

बाहेर मी त्यांना रस्त्यावरच नको नको ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते कामाला आले नाहीत. पुढं मुलीकडं सुरतेला गेल्याचं कळलं. ग्राहकासमोर त्यांनी मला मान खाली घालायला लावली, तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

रक्तपेढीचं काम मात्र टिकलं. खरं बोलणारा माणूस तुमच्याकडं आहे म्हणून, असं मॅडम म्हणतात. तो माणूस आता माझ्याकडं नाही, हे त्यांना सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.